आधी तिच्याशी, मग देवाशी

मला मोठ्यानं प्रार्थना करायची फार हौस. आज हे सरळ लिहिते आहे, पण काही वर्षांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्या घरचा चहा सोडला असता. बुलढाण्याच्या आमच्या लहानशा मंडळीत कुणी आजारी पडलं, कुणाचा मुलगा परीक्षेला बसला, कुणी घराचा स्लॅब टाकला की सगळे माझ्याकडे वळायचे. "सिस्टरबाई, तुम्हीच करा प्रार्थना." चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यामुळे चर्चमध्ये लहानथोर सगळे मला सिस्टरच म्हणतात. डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले की माझी जीभ सुटायची. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. ते म्हणायचे, "हिनं 'हे प्रभू' म्हटलं का डाळ शिजाले टाकाव. आमेनपर्यंत गळून जाते."

आमच्यात एक खोड आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. तोंडावर जे बोलवत नाही ते आम्ही प्रार्थनेत बोलतो. "हे प्रभू, आमच्यात काही बहिणी आहेत ज्या प्रीतिभोजन झालं की भांडी घासायच्या वेळी घरी निघून जातात, त्यांची अंतःकरणं तू बदल." कोण बहिणी ते सगळ्यांना कळतं. त्या बहिणीलाही शेवटी आमेन म्हणावं लागतं. मग पुढच्या बुधवारी ती 'दुसऱ्यांचे दोष काढणाऱ्यांसाठी' प्रार्थना करते आणि आपण आमेन म्हणायचं. अशी भांडणं दोन-दोन वर्षं चालतात, कुणाचा आवाज चढत नाही आणि मिटतही काही नाही. मी यात पटाईत होते. माझ्या प्रार्थनेत नाव न घेता मार खाल्लेल्या बायका आजही मंडळीत आहेत आणि मला बघून सलाम करतात, हा त्यांचा मोठेपणा.

पण ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे, त्या दिवशी माझ्या मनात कुणाला टोमणा मारायचा नव्हता. खरंच माया होती, आणि तेच वाईट झालं.

माझी एक मैत्रीण आहे. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन बुलढाण्यात आलो, एकाच गल्लीत राहिलो, चर्चमध्ये चाळीस वर्षं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलो. तिला एकच मुलगी. कोर्टाजवळ एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंगचं काम करते आणि रविवारी सकाळी उपासनेच्या आधी चर्चच्या मागच्या खोलीत पोरांचा वर्ग घेते. ती शास्त्रातल्या गोष्टी सांगायला लागली की पोट्टे खिडकीत चढून ऐकायचे. योनाला माशानं गिळलं हे सांगताना ती सतरंजीच्या खाली शिरायची. त्या वर्गावर तिचा जीव होता. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणाचे कागद टाइप करायचे, त्यात रविवारचे ते पाऊण तास तिचे स्वतःचे होते.

कॉलेजात असताना तिला फिट आली होती. मग आणखी एकदा. तेव्हा तिची आई अनवाणी माझ्या दारात आली आणि मी दोघींना घेऊन अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेले. गोळी सुरू झाली. पुढची तीन वर्षं काही नाही. ही गोष्ट त्यांच्या घरात आणि माझ्या पोटात होती. पोरीचं लग्न जमायचं होतं, आणि आपल्याकडे फिट म्हटलं की लोक काय काय म्हणतात हे मी दवाखान्यात रोज बघितलं होतं.

मग एका आठवड्यात मैत्रीण मला हळूच म्हणाली, सोमवारी सकाळी पोरीला पुन्हा थोडं झालं. झोप नव्हती, कोर्टाचं काम जास्त होतं. मी तिला धीर दिला आणि घरी येऊन स्वतःच दोन दिवस नीट जेवले नाही. लहान असताना माझ्या मांडीवर झोपलेली पोर ती.

बुधवारी मोताळ्याला प्रार्थनासभा होती. महिन्यातून एकदा आम्ही पंधरावीस जण घाट उतरून तिकडच्या एका घरी जातो. त्या दिवशी मैत्रीणही आली होती आणि ऑफिस लवकर सुटलं म्हणून मुलगीही. बैठकीच्या खोलीत कापसाची गाठोडी एका बाजूला सरकवून आम्हाला जागा केली होती. गाणी झाली, वचन झालं, आणि पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टरबाई."

मी डोळे मिटले. आणि काय सांगू, मन भरून आलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी तिचं नाव घेतलं. तिला फिटा येतात, हे सांगितलं. सोमवारी आली, हे सांगितलं. जो सगळं जाणतो त्याला मी गोळीचं नावसुद्धा सांगितलं, किती मिलिग्रॅमची तेही. आमच्यात प्रार्थना चालू असताना लोक मधून मधून 'हो प्रभू' म्हणत असतात. ते थांबलं होतं. मला वाटलं, सगळे अगदी प्रार्थनेत बुडून गेले आहेत. मी आणखी रंगात आले.

आमेन म्हणून डोळे उघडले तर खोलीत सगळे सतरंजीकडे बघत होते. मुलगी जागेवर नव्हती. बाहेर ओट्यावर चपला घालत होती. माझी मैत्रीण तिच्या मागे गेली, माझ्याकडे न बघता. त्या दोघी आमच्या जीपमध्ये बसल्या नाहीत, एसटीनं परत गेल्या.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे, होतील शांत. ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "देवाले ऐकू येत नाही काय? एवढ्या जोरानं काऊन सांगून राह्यली होती?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "प्रार्थनाच केली ना मी? शिव्या तर नाही दिल्या कोणाले?"

पुढचं जे झालं ते सगळं चांगल्या मनानं झालं, हेही सांगायला हवं. आमच्या बायका वाईट नाहीत. एकीनं त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की फिट आली की कांदा हुंगवायचा. दुसरी म्हणाली, कांदा नाही, चामड्याची चप्पल. तिसरीनं लोखंडाची किल्ली आणून दिली, उशाखाली ठेवायला. चर्चमध्ये ती पोर पाण्याचा जग उचलायला गेली की कुणीतरी हातातून घ्यायचं, "राहू दे बेटा, तू बस." प्रीतिभोजनाच्या वेळी चुलीजवळून उठवलं. आणि मग शिलाईवालीनं आपल्या मुलाला वर्गात पाठवणं बंद केलं. ती आमच्या मंडळीतली ब्लाऊज शिवणारी बाई, कष्टाळू, तोंडानं फटकळ. तिचं बघून आणखी दोघींनी बंद केलं. महिनाभरात मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, पोरीला थोडा आराम द्यावा. वर्ग एका काकांकडे गेला. ते पोरांकडून वचनं पाठ करून घ्यायचे आणि चुकलं की पुन्हा म्हणायला लावायचे.

ती मुलगी चर्चला यायची बंद झाली. तिची आई एकटीच यायची आणि दाराजवळ बसायची. आमच्या सतरंजीवर माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. तिथे कुणी बसत नसे, सगळ्यांना माहीत होतं ती कुणाची.

मी आतून जळत होते, पण वरून ताठ. 'प्रार्थनेची माफी मागायची? कोणत्या शास्त्रात लिहिलं आहे?' असं म्हणत फिरायचे. माझ्याच तोंडात तीळ भिजला नाही, हे मला कळत होतं. चौतीस वर्षांत एका पेशंटचा आजार मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर नेला नव्हता. शेजारणी विचारायच्या, अमक्याला काय झालं, मी कानावर हात ठेवायचे. आणि चर्चच्या माणसांत, आपलं घर समजून, सगळं ओतून मोकळी झाले.

शेवटी मैत्रिणीनं पाळकसाहेबांकडे तक्रार केली, आणि गोष्ट मंडळीच्या कमिटीपुढे आली. कमिटीत सगळ्यांत मोठे एक आजोबा होते, रिटायर हेडमास्तर, हातात सागवानी काठी. त्यांनी जुनी रीत सांगितली. तीन महिने प्रभुभोजनातून बाहेर, आणि माफीचं पत्र लिहून द्यायचं, ते रविवारी सूचनांच्या वेळी सगळ्यांसमोर वाचायचं. मी लहान असताना एका माणसाला असं बाहेर ठेवलेलं बघितलं आहे. भाकर आणि द्राक्षरस फिरायला लागला की तो उठून दाराबाहेर उभा राहायचा, चपलांच्या ढिगाजवळ. दोन महिने उभा राहिला, नंतर आलाच नाही, आणि त्याच्या घरचेही कुणी आले नाहीत. मला घाम फुटला. पण मान खाली घालून मी म्हटलं, "चालेल."

आमचे पाळकसाहेब तेव्हा नवीनच आले होते, नगरकडचे, वय जेमतेम तीस. हळू बोलणारे, हेडमास्तरांसमोर तर आणखीच हळू. त्यांनी विचारलं, "पत्रात काय लिहायचं, साहेब?"

"माफी."

"कशाची?"

हेडमास्तर बोलायला गेले आणि थांबले. ज्यांना अजून माहीत नव्हतं त्यांनाही त्या पत्रातून कळलं असतं. जे मी मोताळ्याच्या एका खोलीत केलं, ते त्यांनी अख्ख्या चर्चमध्ये केलं असतं, लेखी.

"मग काय करायचं म्हणता?" हेडमास्तर म्हणाले.

"एकत्र बसू. ज्यांना लागलंय ते, ज्यांच्यामुळं लागलंय ते. बाकी कुणी नको. काय झालं, कुणाला काय लागलं, आणि आता काय केलं म्हणजे बरं होईल, एवढंच विचारायचं. शिक्षा कुणी द्यायची नाही."

"हे म्हणजे पोरखेळ झाला," हेडमास्तर म्हणाले. पण त्यांच्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

शनिवारी दुपारी आम्ही वर्गाच्याच खोलीत बसलो. खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. जमिनीवर गोल करून सहा जण, पाळकसाहेब, हेडमास्तर, शिलाईवाली, माझी मैत्रीण, तिची मुलगी आणि मी. पोरीला आणायला पाळकसाहेब तीनदा त्यांच्या घरी गेले होते, हे मला नंतर कळलं. ती बारीक झाली होती. माझ्याकडे बघून तिनं सलाम केला.

ज्याच्या हातात वस्तू असेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं ठरलं. वस्तू काय घ्यायची यावर इकडे तिकडे बघणं झालं, आणि शेवटी हेडमास्तरांची काठीच घेतली. आता काठीशिवाय त्यांना जमिनीवरून उठता येत नाही. म्हणजे काठी फिरून परत येईपर्यंत ते अडकले. पुढे पाच वेळा ती फिरली आणि ते बिचारे पाय लांब करून बसून राहिले. मी त्यांना असं गप्प ऐकताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

काठी आधी माझ्याकडे आली. मी तयारी करून गेले होते. काठी हातात घेतली, पदर सारखा केला, डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आज आम्ही तुझ्या चरणी..."

"सिस्टरबाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "देवाशी नंतर बोलू. आधी तिच्याशी."

मी डोळे उघडले. समोर ती बसली होती, दोन हातांच्या अंतरावर. आणि तुम्हाला खरं सांगते, मला एक शब्द सुचेना. अर्धा अर्धा तास न अडखळता बोलणारी बाई मी. कितीतरी वेळानं म्हटलं, "बेटा, माझं चुकलं." एवढंच. आणि काठी पुढे दिली.

मैत्रिणीनं काठी घेतली ती माझ्याकडे न बघता. "मी हिच्यापाशी कवा काही लपवलं नाही," ती म्हणाली. "नवरा गेला तवा हिच्याच खांद्यावर रडली. आता मले काही सांगायचं असलं का मी आधी इचार करतो, हे बुधवारी प्रार्थनेत तर येणार नाही ना. चाळीस वर्सात मले असा इचार कराची पाळी आली नव्हती." मग काठी तशीच धरून बसली, पाळकसाहेबांनी हात पुढे केला तेव्हा सोडली.

शिलाईवाली म्हणाली, "मी खोटं काऊन बोलू? मले भेव वाटलं. माह्या माहेरी एक बाई होती, फिट येऊन चुलीत पडली. मी लहान होती, म्या पाह्यलं होतं. माह्या पोरासमोर असं झालं तर? मी हिचा राग नाही करत बाप्पा. मले भेव वाटते."

तिच्या त्या बोलण्यानं खोलीतली हवा बदलली. महिनाभर आम्ही तिला दगडाच्या काळजाची म्हणत होतो.

मग काठी मुलीकडे गेली. ती आईसारखं बोलत नाही, शिकलेलं बोलते, पण त्या दिवशी मध्येच घरचं बोलणं येत होतं. "मावशी, माझी फिट दोन मिनिटांची असते," ती म्हणाली. "तीन वर्षांत एक. तुमच्या प्रार्थनेनंतर मी चोवीस तास फिटवाली झाली. मी हसली तरी सगळे बघतात, आता पडते का. जग उचलू देत नाहीत. आणि माझा वर्ग गेला. मले दुसरं काही नको. माझा वर्ग पाहिजे."

मी मध्येच बोलणार होते, काठी नव्हती म्हणून गप्प बसले.

"जे बाहेर गेलं ते आता परत आत येत नाही," ती पुढे म्हणाली. "पण तुम्ही अर्धंच सांगितलं, मावशी. मला काय होतं ते सांगितलं. मग काय करायचं ते कोणालेच माहीत नाही. कांदा, चप्पल, किल्ली. तुम्ही नर्स आहात. आता पूर्ण सांगा. सगळ्यांसमोर सांगा, मी बसते तिथं."

हेडमास्तरांनी तिला विचारलं, "पण तुला चालेल ते?"

"मला पहिल्यांदा कोणी विचारलं," ती म्हणाली.

त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या. विचारल्याशिवाय मी कुणाचं नाव मोठ्यानं प्रार्थनेत घ्यायचं नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी सगळ्यांना फिटबद्दल शिकवायचं. आणि वर्ग तिला परत द्यायचा. मैत्रिणीला विचारलं, तुम्हाला सिस्टरबाईंकडून काय हवं? ती म्हणाली, "मले काही नको." ते ऐकून मला जे झालं ते तीन महिन्यांच्या शिक्षेनं झालं नसतं.

रविवारी मी शिकवलं. नुसतं सांगून लोकांना कळत नाही, हे दवाखान्यात शिकले होते, म्हणून मी स्वतःच चर्चच्या मधोमध सतरंजीवर आडवी झाले. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात, साडी सावरत पेशंट झाले. आणि ती पोर माझ्या बाजूला उभी राहून सांगत होती. आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. कुशीवर वळवा. घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवा. पोरांनी मला ढकलून कुशीवर वळवलं, चार जण लागले, आणि चर्चमध्ये असा हशा पिकला की मीही हसायला लागले. हेडमास्तरांनी हात वर करून विचारलं, "आणि कांदा?" मी पडल्या पडल्याच म्हटलं, "कांदा भाजीत घाला, साहेब." घरी आल्यावर हे म्हणाले, "हे बाई चर्चमध्ये पाच मिनिटं काही न बोलता पडून होती. चमत्कार पाह्यला म्या आज."

वाटलं, झालं. पण माणसाचं भय असं एका प्रात्यक्षिकानं जात नाही. वर्ग सुरू झाला तेव्हा अकरापैकी सहा पोरं आली. शिलाईवालीनं आपला मुलगा पाठवला, पण स्वतः त्याच्याबरोबर आली आणि दाराशी खुर्ची टाकून बसली. "मी बसते, तू शिकव," म्हणाली. दर रविवारी ती तिथं बसायची, हाताची घडी घालून, नजर त्या पोरीवर. योनाची गोष्ट सांगताना पोर आता सतरंजीखाली शिरत नव्हती. बसूनच सांगायची. मला ते बघवत नव्हतं आणि मला त्यात काही करताही येत नव्हतं. दोनदा माझ्या जिभेवर आलं, शिलाईवालीला खुर्ची उचलायला सांगावी. आधी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बसू द्या, मावशी. तिला भीती वाटते ती खरी आहे."

नाताळच्या आधीच्या महिन्यात, थंडी कडक पडलेली, मी चर्चच्या पुढच्या ओट्यावर गाण्याची पुस्तकं पुसत होते. मागून वर्गातली एक लहान मुलगी आली आणि म्हणाली, "सिस्टरआजी, बाईला फिट आली. पण पळू नका, शिलाईवाली मावशी म्हणाली." मी पळालेच. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो.

आत ती कुशीवर होती. डोक्याखाली शिलाईवालीची शाल, घडी करून. टेबल भिंतीला सरकवलेलं. पोरं भिंतीकडेनं बसलेली, एक जण भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा. आणि शिलाईवाली तिच्या पाठीला हात लावून जमिनीवर बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर त्या थंडीत घाम, पण हात जागचा हलला नव्हता. मला बघून म्हणाली, "सिस्टर, घाई नका करू. कमी होऊन राह्यलं." मला करायला काही उरलंच नव्हतं. मी नुसती बाजूला टेकले.

पोर जागी झाली तेव्हा तिनं आधी पोरांकडे बघितलं. मग दाराकडे, कोण कोण आलं आहे. मग डोळ्यांतून पाणी. "गेला आता वर्ग," ती म्हणाली. मी तिचा हात धरला आणि नाही म्हणाले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. सहाच्या सहा पोरांनी बघितलं होतं. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या घरी कळणार होतं.

तेवढ्यात तिची आई आली. तिनं लेकीला पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि मग माझ्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसली. कितीतरी महिन्यांनी. "गोळी चुकली होती का पाह्य बरं," ती समोर बघत म्हणाली. "मले सांगत नाही ते. तुले सांगन." मी मान डोलावली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. बुधवारी प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवून नाही म्हटलं. त्या पोरीचं नाव कुणीच घेतलं नाही.

रविवारी मी अर्धा तास आधी गेले. ती खोलीत बसली होती, मांडीवर हजेरीची वही, डोळे दाराकडे. सतरंजी झाडून अंथरलेली. मी तिच्याजवळ बसले. साडेआठ झाले, वर्गाची वेळ. कुणी नाही. पावणेनऊ झाले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही जा, पुढं लोक येतील." मी गेले नाही.

मग बाहेर चपला वाजल्या. शिलाईवाली होती. एका हाताला तिचा मुलगा, दुसऱ्या हाताला चार वर्षांची लहान मुलगी, जिला तिनं आजवर कधी वर्गाला आणलंच नव्हतं. तिनं दोघांच्या चपला काढल्या, लहानीचं नाक पदरानं पुसलं आणि तिला सरळ त्या पोरीच्या मांडीवर बसवलं.

"हिले बी घे व," ती म्हणाली. "घरी लय तरास देऊन राह्यली."

खुर्ची दाराशी होती. मी मुद्दाम बघितलं, आता ही बसते का. तिनं खुर्चीकडे बघितलंही नाही.

"मी येतो उपासनेले," ती म्हणाली. "तवर भाजी घेऊन येतो." आणि पिशवी काखेत मारून बाजाराकडे निघून गेली.